पार्श्वभूमी : सायटेशनचे आकडे आणि दोन स्पेलिंगचे एक गाव

सीमाभागातल्या रेण्वीय जीवशास्त्रज्ञाची बातमी छापून येते तेव्हा तीन आकडे हमखास असतात. पेपर म्हणजे शोधनिबंध किती, सायटेशन म्हणजे दुसऱ्यांच्या पेपरांत त्यांचा आधार किती वेळा घेतला, आणि या दोन्हींवरून काढलेला एच-इंडेक्स किती. या मोजणीचा जगातला इतिहास सत्तरेक वर्षांचा आहे. बेळगावात तिची झळ लागली ती २०१० नंतर.

मूळ कल्पना १९५५ मधली, अमेरिकी माहितीशास्त्रज्ञ युजीन गारफिल्ड यांची. अमेरिकेतल्या वकिलांकडे कोणता जुना निकाल पुढे कोणकोणत्या खटल्यांत आधाराला घेतला याची सूची असे. तशीच विज्ञानाची करावी, असे त्यांनी सुचवले. १९६४ मध्ये तशी सूची निघाली. हवा तो पेपर सापडावा, हा तिचा हेतू. माणसांची प्रतवारी लावणे नंतर आले. मराठीत आपण दोन्ही दिशांना 'संदर्भ' म्हणतो, आपण दुसऱ्याचा घेतलेला आणि दुसऱ्याने आपला घेतलेला. म्हणून प्रयोगशाळेत सगळे सरळ सायटेशनच म्हणतात. कन्नड सरकारी पत्रात जिथे 'उल्लेख' लिहितात, तिथे मराठी पत्रात 'संदर्भ' असतो. दोन्ही पत्रे हाताळणाऱ्या सीमाभागातल्या माणसाला हा घोळ नवा नाही.

२००४ मध्ये गूगल स्कॉलर आले आणि सायटेशन कुणालाही फुकट मोजता येऊ लागली. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हर्श यांनी एच-इंडेक्स मांडला. वीस पेपरना प्रत्येकी किमान वीस सायटेशन असतील, तर इंडेक्स वीस. जीवशास्त्रात हा आकडा भौतिकशास्त्रापेक्षा मोठा येतो, हे त्यांनी त्याच लेखात नोंदवले होते. तरीही जांबोटी-कणकुंबीच्या रानात वनस्पती ओळखत आयुष्य घालवणाऱ्याची आणि त्याच वनस्पतींचा डीएनए वाचणाऱ्याची तुलना एकाच आकड्यावर होते. हे मला अन्यायाचे वाटते.

आकडा आणि महत्त्व यांची सांगड किती सैल असते, हे या विषयातच दिसते. प्रथिनांचे प्रमाण मोजायची रीत सांगणाऱ्या लॉरी यांच्या १९५१ च्या पेपरला तीन लाखांहून जास्त सायटेशन आहेत. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना सांगणारा १९५३ चा पेपर मात्र २०१४ मध्ये काढलेल्या सर्वाधिक सायटेशनच्या पहिल्या शंभर पेपरांच्या यादीतही नव्हता.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या बढतीला गुण जोडले. २०१८ च्या नियमावलीत जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरनुसार, म्हणजे त्यातल्या पेपरना सरासरी किती सायटेशन मिळतात त्यानुसार, पेपरला जादा गुण मिळू लागले: एकच्या आत असेल तर १०, दहाच्या वर असेल तर ३०. लेखक दोनपेक्षा जास्त असले तर मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. रेण्वीय जीवशास्त्रात आठ-दहा लेखकांचा पेपर ही रोजची गोष्ट. रात्ररात्र पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची प्रक्रिया) लावणाऱ्या सहकाऱ्याच्या वाट्याला त्यामुळे कमी गुण येतात. त्याच २०१८ च्या मे महिन्यात आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ जर्नल्स एकदम वगळली गेली.

आता गावाच्या नावाचे. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून इथली मराठी माणसे तो दिवस काळा दिवस म्हणून पाळतात. २०१४ मध्ये नेमक्या त्याच तारखेला शहराचे अधिकृत नाव बदलले. मराठी माणसाच्या तोंडी बेळगाव होते ते बेळगावच राहिले, पण इंग्रजी स्पेलिंग पूर्वी 'एम'ने संपायचे (Belgaum) ते 'आय'ने संपू लागले (Belagavi). नामांतरावर इथे सभा झाल्या, पत्रके निघाली. पेपरखालच्या पत्त्याचा विचार मात्र कुणी केल्याचे मला आठवत नाही.

लेखकाची ओळख पटवताना सायटेशनचे डेटाबेस त्याचे नाव, विषय, सहलेखक आणि संस्थेचा पत्ता पाहतात. पत्त्यातले शहर बदलले आणि नावही थोडे वेगळे छापले गेले, की एका माणसाची दोन खाती होऊ शकतात. इथे तर नावाचाही भरवसा नसतो. महाराष्ट्रातल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते. कर्नाटकातल्या कागदांवर ते बहुधा शेवटी जाते किंवा आद्याक्षरात मिटते. खानापूरची मुलगी एम.एस्सी.ला कोल्हापूरला, पीएच.डी.ला धारवाडला आणि नोकरीला पुन्हा बेळगावात, असा प्रवास नवलाचा नाही. तिचे लग्न झाले की आडनावाबरोबर मधले नावही बदलते. शिवाय पाटील आडनावाचे संशोधक किती, ते मोजूच नये. २०१० मध्ये बेळगावला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि तोवर धारवाडला जोडलेल्या महाविद्यालयांच्या पत्त्यातला विद्यापीठाचा भागही बदलला.

सायटेशनची बेरीज अशा फाटाफुटीनंतरही जोडून काढता येते. एच-इंडेक्सचे तसे नाही. समजा वीस पेपर आहेत, प्रत्येकाला बरोबर वीस सायटेशन. एका खात्यावर इंडेक्स वीस. त्यांतले बारा एका खात्यावर आणि आठ दुसऱ्यावर गेले, तर एकाचा इंडेक्स बारा, दुसऱ्याचा आठ. निवड समितीपुढे त्यांतले एकच खाते उघडले, तर इंडेक्स वीसचा बारा झालेला दिसतो.

यावर उपाय म्हणून संशोधकाला सोळा अंकी ऑर्किड (ORCID) ओळख क्रमांक देण्याची सोय ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोला पेशीशास्त्रज्ञांच्या वार्षिक संमेलनात, जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाचे काम तोलू नये, असा जाहीरनामा तयार झाला. क्रमांक काढला तरी जुने पेपर त्याला स्वतः बसून जोडावे लागतात. छापलेला पत्ता बदलत नाही. म्हणून बेळगावच्या कोणत्याही जीवशास्त्रज्ञाचे काम शोधताना दोन्ही स्पेलिंग टाकावीत, आणि लग्नाआधीचे नाव माहीत असेल तर तेही.