एकाच चुकीला दोन शिक्षा? चार्जशीट देण्याआधी हे वाचा

रात्रपाळीत तिघे झोपलेले सापडले. दोघांना समजपत्र, तिसऱ्याला चार्जशीट, चौकशी आणि बडतर्फी. तिसरा युनियनच्या कमिटीवर होता. अशी फाईल आली की आम्ही झोपेबद्दल नंतर विचारतो. आधी त्या दोघांची समजपत्रं मागतो. कोर्टात कामगाराचा वकीलही तीच मागणार असतो.

अनुचित कामगार प्रथांविषयीच्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यातली चौथी अनुसूची मालकांसाठी आहे. गुणवत्ता न पाहता कामगारांच्या एका गटाला झुकतं माप देणं, ही तिच्यातली पाचवी बाब. केंद्राच्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० च्या दुसऱ्या अनुसूचीतही ती आहे. सूड म्हणून कामावरून काढणं महाराष्ट्राच्या चौथ्या अनुसूचीतल्या पहिल्या बाबीत येतं. किरकोळ चुकीला, आधीची नोकरी कशी झाली हे न बघता अवाच्या सवा शिक्षा देऊन काढणंही त्यातच. पहिल्या बाबीची तक्रार कामगार न्यायालयात जाते, पाचवीची औद्योगिक न्यायालयात. मुदत ९० दिवस, सबळ कारण असेल तर त्यानंतरही. शिवाय अंतरिम आदेश निघू शकतो, त्यामुळे ‘निकालाला वर्षं लागतील, तोवर बघू’ या हिशेबावर राहू नका.

सगळ्यांना सरसकट एकच शिक्षा, असा याचा अर्थ नव्हे. एकाची पहिलीच चूक असेल आणि दुसऱ्याला आधी दोन मेमो गेले असतील, तर फरक करता येतो. बॉयलरवरचा माणूस झोपणं आणि पॅकिंगमधला झोपणं, यातही धोका सारखा नाही. पण हे कारण शिक्षेच्या आदेशातच लिहिलेलं हवं. कोर्टाची नोटीस आल्यावर सुचलेलं कारण उलटतपासणीत टिकत नाही.

संप मिटल्यानंतरचे महिने सगळ्यात नाजूक. आत राहून काम केलेल्यांना ओव्हरटाइम आणि बाहेर बसलेल्यांना झाडलोट, असं वाटप बहुतेक वेळा सुपरवायझरच करून टाकतो. मालकाला पत्ताही नसतो. लेखी हुकूम नसला तरी हजेरीपट आणि पगारपत्रक बोलतात.

म्हणून चार्जशीट देण्याआधी आम्हाला मागच्या तीन वर्षांतली तशाच चुकीची प्रकरणं, दिलेल्या शिक्षेसह, पाठवा. बहुतेक ठिकाणी प्रत्येक कामगाराची फाईल असते, पण कोणत्या चुकीला कुणाला काय शिक्षा झाली याची एकत्र नोंदवही नसते. तशी नसेल तर पहिल्या भेटीत जुन्या फायली घेऊन या, आम्ही बसून तयार करून देऊ.