गुडघ्याची सूज उतरली, पण हृदयाच्या झडपेचं काय?

पोराचा गुडघा सुजतो, चार दिवसांत बरा होतो आणि मग घोटा सुजतो. घरचे म्हणतात, "वाढीचं वय आहे," आणि तेल चोळतात. पण वाढीच्या वयातलं दुखणं संध्याकाळी किंवा रात्री पोटऱ्या-मांड्यांत होतं, त्यात सूज नसते आणि सकाळी मूल खेळायला पळतं. ५ ते १५ वर्षांच्या मुलाची सूज एका सांध्यातून दुसऱ्यात जात असेल, अंगात ताप असेल आणि दोन-तीन आठवड्यांपूर्वी घसा दुखून गेला असेल, तर ऱ्हुमॅटिक फीवरची शंका घ्यायलाच हवी. वेदनाशामक गोळीने सांधे झटकन बरे होतात, वाकडेपणाही राहत नाही. फसगत होते ती इथेच, कारण हा आजार हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या बिघडवू शकतो.

आजाराचं मूळ घशात आहे. 'अ' गटाच्या स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूच्या अंगावर एम प्रथिनाचे तंतू असतात, पीळ दिलेल्या दोरीसारखे. हृदयाच्या स्नायूतल्या मायोसिनलाही असाच पीळ असतो. त्यामुळे जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं (जंतूला ओळखून चिकटणारी प्रथिनं) आणि टी-पेशी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आपल्याच ऊतींवर उलटतात. पण झडपेत मायोसिन जवळजवळ नसतंच, मग बिघडते ती झडप का? तिच्या अस्तराखालच्या लॅमिनिन या प्रथिनातही तशीच पिळाची रचना आहे. प्रतिपिंडं अस्तराला चिकटली की अस्तरावर व्हीकॅम-१ नावाचे रेणू उगवतात. ते टी-पेशींना धरून ठेवतात आणि त्या पेशी आत घुसतात. निरोगी झडपेच्या पडद्यात रक्तवाहिन्या जवळपास नसतात. दाहानंतर त्या तयार होतात आणि पुढच्या हल्ल्याला आयती वाट मिळते. डाव्या बाजूची मायट्रल झडप दिवसाला लाखभर वेळा मोठ्या दाबाखाली मिटते, म्हणून तिचं नुकसान सर्वांत जास्त होतं. पडदे जाड होतात, त्यांना धरणाऱ्या दोऱ्या आखडतात आणि रक्त उलटं गळू लागतं. पुढे कडा चिकटून झडपेचं तोंड अरुंद होतं. आपल्याकडे हे विशीच्या आतही घडतं.

उपचार न झालेल्या अशा घसादुखीनंतर शंभरातल्या फार तर तिघांना हा ताप येतो. पण एकदा येऊन गेला की पुढच्या संसर्गात तो उलटण्याचा धोका निम्म्यापर्यंत जातो. जंतू खोकल्या-शिंकांतून पसरतो, म्हणून एका खोलीत किती मुलं निजतात हे फार महत्त्वाचं. आश्रमशाळेतली खेटून घातलेली अंथरुणं किंवा ऊसतोड मजुरांची कोपी (झोपडी) त्याला सोयीची. त्यात दवाखाना लांब असला की घसादुखीला 'पडजीभ वाढली' म्हणत हळद लावण्यावरच भागवलं जातं.

ताप, गळ्याला दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरा पू, आणि सर्दी-खोकला मात्र नाही, असा घसा डॉक्टरांना दाखवाच. दुखणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन मिळालं तर पुढचं सगळं टळू शकतं. गोळ्या असतील तर पुरे दहा दिवस द्यायच्या. काही मुलांचे हातपाय आपोआप झटके खातात, अक्षर बिघडतं. हा त्याच आजाराचा मेंदूवरचा परिणाम आहे. अशा मुलाला मांत्रिकाकडे नेण्यात गेलेला प्रत्येक आठवडा वाया जातो.

उलट, नुसता एएसओ (रक्तातली स्ट्रेप्टोकॉकसविरुद्धची प्रतिपिंडं मोजणारी तपासणी) वाढला म्हणून वर्षानुवर्षं पेनिसिलिनची इंजेक्शनं देणंही चूक. ती तपासणी जंतू येऊन गेला एवढंच सांगते. झडपेसाठी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, हवी. हरियाणातल्या बल्लभगडमध्ये ६,२७० शाळकरी मुलांना तपासलं, तेव्हा स्टेथोस्कोपला हजारी ०.८ मुलांत झडपेचा आजार सापडला, इकोला हजारी २०.४ मुलांत. युगांडात असा फक्त इकोत दिसणारा छुपा आजार असलेल्या ८१८ मुलांवर चाचणी झाली. दोन वर्षांत आजार वाढला तो इंजेक्शन घेणाऱ्यांत ०.८ टक्के मुलांचा, न घेणाऱ्यांत ८.२ टक्के मुलांचा.

घशाचा संसर्ग पुन्हा होऊ न देणारं हे इंजेक्शन म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिन: १२ लाख युनिट, २७ किलोच्या आतल्या मुलाला ६ लाख, दर २१ दिवसांनी. औषध दाट, दुधासारखं. बारीक सुईत ते अडकतं, म्हणून २१ गेजची सुई घ्यावी, बाटली नीट हलवावी आणि औषध सावकाश सोडावं. गंभीर ॲलर्जी विरळा, तरी ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवून मुलाला अर्धा तास बसवून ठेवावं. झडप खराब झाली असेल तर हे चाळिशीपर्यंतही चालू ठेवावं लागतं. कुटुंब ऊसतोडीला निघालं की नेमका इथेच खंड पडतो. तारखांचं कार्ड सोबत दिलं, तर कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही पुढचं इंजेक्शन वेळेवर देता येतं.