क्लब खाली जाणं वेगळं आणि क्लब बुडणं वेगळं

इंग्लिश फुटबॉल नव्याने बघायला लागलेले खूप जण हा घोळ करतात, क्लब रेलिगेट झाला, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये गेला, की विचारतात आता हा क्लब बंद पडणार का, आणि एखादा क्लब अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेल्याची, म्हणजे कर्जापायी त्याचा कारभार दुसऱ्याच्या हाती गेल्याची, बातमी आली की धरून चालतात की खालच्या डिव्हिजनमध्ये गेला असेल. घोळ होणं साहजिक आहे कारण टीव्हीवर दोन्ही वेळेला सारखंच दिसतं, गळ्यात स्कार्फ घातलेले म्हातारे रडतायत, शेजारी नातू उभा आहे. पण ज्या घरात तीन तीन पिढ्या एकाच क्लबच्या मागे आहेत त्यांना विचारा, पहिल्या गोष्टीची त्यांना सवय असते, दुसऱ्या गोष्टीने मात्र त्यांची झोप उडते.

आधी रेलिगेशन. प्रीमियर लीगमधले तळाचे तीन क्लब दर वर्षी चॅम्पियनशिपमध्ये जातात, तिथले तळाचे तीन लीग वनमध्ये, आणि ही शिडी तशीच खाली गावपातळीच्या लीगपर्यंत जाते. नुकसान मोठं असतं, टीव्हीचे पैसे एकदम आटतात, चांगले प्लेअर विकावे लागतात, ऑफिसातल्या लोकांच्या नोकऱ्या जातात, प्रीमियर लीगमधून पडलेल्यांना पॅराशूट पेमेंट म्हणून जास्तीत जास्त तीन वर्षं थोडा आधार मिळतो इतकंच. पण मैदान तेच, जर्सी तीच, आणि उन्हाळ्यात पुढच्या सीझनचं वेळापत्रक लागतंच. शनिवारी जायला जागा असते!

संडरलँड बघा. २०१७ मध्ये प्रीमियर लीगमधून गेले आणि लगेच २०१८ मध्ये चॅम्पियनशिपमधूनही गेले, म्हणजे सलग दोन वर्षांत दोन पायऱ्या खाली. त्यांचं स्टेडियम ऑफ लाइट उभं आहे ते मंकवेअरमाउथच्या कोळसा खाणीच्या जागेवर, खाण १९९३ ला बंद झाली आणि १९९७ ला तिथे स्टेडियम उघडलं, त्यामुळे खाणीतल्या माणसांची पोरं-नातवंडं आज त्याच जमिनीवर बसून मॅच बघतात. तर असा हा क्लब तिसऱ्या डिव्हिजनमध्ये असताना, २०१८ च्या बॉक्सिंग डेला ब्रॅडफर्डविरुद्ध ४६,०३९ लोक आले. तिसऱ्या डिव्हिजनच्या मॅचला! चार सीझन ते तिथेच अडकून होते, २०२२ ला वर आले आणि २०२५ ला वेम्बलीवर प्लेऑफच्या फायनलमध्ये शेफील्ड युनायटेडला २-१ हरवून परत प्रीमियर लीगमध्ये. मला यात सगळ्यात भारी वाटतं ते मधल्या काळाचं. त्या चार वर्षांत पहिल्यांदा स्टेडियममध्ये आलेल्या पोराला प्रीमियर लीग फक्त वडिलांच्या बोलण्यातून माहीत, आणि त्या वडिलांनाही १९७३ चा एफए कप (सगळ्या डिव्हिजनचे क्लब खेळतात ती नॉकआउट स्पर्धा), सेकंड डिव्हिजनमध्ये असून लीड्सला १-० हरवलेला, तो फक्त आजोबांच्या तोंडून माहीत. म्हणजे पडत्या काळात कप मिळत नाही पण क्लब एका पिढीकडून दुसरीकडे जातो, कारण दर आठवड्याला शेजारी बसून सांगायला नव्वद मिनिटं मिळतात.

आता बुडणं, आणि इथे बरी नावाच्या क्लबचंच उदाहरण घ्यायला हवं. बरी एफसी १८८५ चा क्लब, १८९४ पासून फुटबॉल लीगमध्ये, दोनदा एफए कप जिंकलेला, त्यातली १९०३ ची फायनल ६-० ने. डिसेंबर २०१८ मध्ये क्लब एक पौंडाला नव्या मालकाकडे गेला, आणि पुढच्या काही महिन्यांत टीमने काय केलं तर पगार थकलेले असताना लीग टूमध्ये, म्हणजे चौथ्या डिव्हिजनमध्ये, दुसरा नंबर काढून प्रमोशन मिळवलं. हे नीट लक्षात घ्या, बरी त्या वर्षी पडले नव्हते, वर चढले होते. तरी ऑगस्टमध्ये क्लबकडे सीझन चालवण्याइतके पैसे आहेत याचा पुरावा देता आला नाही, सुरुवातीच्या मॅचेस थांबवल्या गेल्या, आणि २७ ऑगस्ट २०१९ ला लीगने बरीला बाहेर काढलं. मुदत संपायच्या अगदी शेवटच्या दिवसांत एक खरेदीदार पुढे आला होता म्हणून लोक झाडू, ब्रश घेऊन गिग लेनवर, म्हणजे क्लबच्या मैदानावर, गेले आणि खुर्च्या धुऊन काढल्या, शनिवारी मॅच होईल या आशेवर. ती मॅच झाली नाही. रेलिगेशनला निदान एक टेबल असतं, तुम्ही हरलात म्हणून गेलात असं पोराला सांगता येतं, इथे पोराला काय सांगणार, कुणाच्या तरी कर्जाचे आकडे?

आणि बुडल्यावर निष्ठेचं काय होतं हे तर अजूनच अवघड. बरीच्या काही लोकांनी मिळून बरी एएफसी नावाचा नवा क्लब काढला आणि खालच्या लीगमधून सुरुवात केली, काहींनी म्हटलं नाही, आपलं म्हणजे गिग लेन, ते मैदान आधी वाचवू. दोन्ही बाजूंना वाटत होतं की आजोबांचा क्लब आपण जपतोय, आणि माझ्या मते दोघंही बरोबर होते. एकत्र यायचा प्रस्ताव २०२२ ला मतदानात अडकला, २०२३ ला पास झाला, आणि मग बरी एफसी याच नावाने गिग लेनवर परत फुटबॉल सुरू झालं. रेलिगेशनमुळे सपोर्टर असे दोन गटांत फुटलेले मला तरी आठवत नाहीत.

या दोन्हींच्या मध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेशन येतं आणि खरा गुंता तिथेच आहे. कर्ज फेडता येत नाही म्हणून क्लबचा कारभार अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे जातो, तो ज्यांचे पैसे थकलेत त्यांच्याशी बोलून खरेदीदार शोधतो, म्हणजे हे आयसीयू आहे, मरण नाही. पण शिक्षा म्हणून पॉइंट कापतात, प्रीमियर लीगमध्ये ९, ईएफएलमध्ये (म्हणजे फुटबॉल लीग, तिच्या खालच्या तीन डिव्हिजन) सध्या १२, कारण जे क्लब पै न पै चुकवून खेळतात त्यांच्यावर अन्याय नको. आणि त्यामुळे पैशाचं दुखणं टेबलवर येतं. डर्बी काउंटीचे २०२१-२२ मध्ये यासाठी आणि हिशोबाचे नियम मोडल्यासाठी सगळे मिळून २१ पॉइंट कापले, सीझन संपला तेव्हा हातात ३४, आणि क्लब खाली. मैदानावर कमावलेले ५५ होते, तेवढ्यात आरामात वाचले असते. पोर्ट्समथ तर २००८ ला एफए कप जिंकून २०१३ ला चौथ्या डिव्हिजनमध्ये, मधे दोनदा अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, आणि शेवटी सपोर्टर्स ट्रस्टने एक हजार पौंडाला एक शेअर अशा हिशोबाने लोकांकडून पैसे उभे करून क्लब सोडवला.

विम्बल्डनची केस मला या दोन्हींत बसवता येत नाही. तो क्लब मालकांनी उचलून दुसऱ्या शहरात, मिल्टन कीन्सला, न्यायचं ठरवलं, २००२ ला परवानगीही मिळाली, आणि मागे राहिलेल्या सपोर्टरांनी एएफसी विम्बल्डन काढून नवव्या पातळीपासून सुरुवात केली, २०११ ला फुटबॉल लीगमध्ये पोचले, २०२० ला प्लाउ लेनला, म्हणजे आपल्या जुन्या जागेच्या भागात, परत आले. कागदावर मूळ क्लब तिकडे गेला होता. पण १९८८ चा एफए कप कुणाचा हे तिथल्या कुठल्याही आजीला विचारा, ती कागद बघायला जाणार नाही, आणि २००७ मध्ये मिल्टन कीन्सच्या क्लबनेही त्या ट्रॉफ्या विम्बल्डनच्या भागातल्या मर्टन कौन्सिलकडे परत दिल्याच.

हा फरक कळला पाहिजे असं मी एवढं तळमळीने म्हणतेय कारण सपोर्टरने करायचं कामच दोन्ही वेळेला वेगळं असतं. टीम पडत असेल तर स्टेडियममध्ये जा, ओरडा, पोराला सोबत न्या, झालं. पण बुडणारा क्लब गाण्यांनी वाचत नाही आणि जिंकूनही वाचत नाही, बरीने दाखवलंच. तिथे बघायचं असतं की हिशोब वेळेवर दाखल झालेत का, पगार कितव्या तारखेला झाले, टॅक्सवाल्यांनी क्लब गुंडाळायचा अर्ज कोर्टात टाकलाय का, आणि सगळ्यात आधी हे, की मैदान अजून क्लबच्या नावावर आहे की मालकाच्या दुसऱ्या कंपनीकडे गेलंय. टीम फॉर्मात असते तेव्हा हे कुणी विचारत नाही, आणि नेमकं तेव्हाच विचारायला हवं. इंग्लंडमध्ये २०२५ ला फुटबॉल गव्हर्नन्स कायदा झाला, त्यात वरच्या पाच पातळ्यांवरच्या क्लबांना स्वतंत्र रेग्युलेटरचं लायसन्स लागेल, मालकाची तपासणी होईल, मैदान विकायचं किंवा हलवायचं तर रेग्युलेटरची मंजुरी, आणि बॅज किंवा घरच्या जर्सीचे रंग बदलायचे तर आधी सपोर्टरांचा पाठिंबा. बरीच्या वेळेला यातलं काही नव्हतं.