क्षेपणभूमी-वायू

शहरी घनकचऱ्याच्या भरावात प्राणवायूच्या अभावी कुजण्याची क्रिया होऊन निर्माण होणारा ज्वालाग्राही वायू. तो ओढून घेऊन जाळणे, वीज किंवा उष्णता मिळविणे या पद्धतीचाही विचार या नोंदीत केला आहे. अशा भरावाला वृत्तपत्रांत क्षेपणभूमी, पुण्याकडे कचराडेपो, तर मुंबईत सर्रास डंपिंग ग्राउंड असे शब्द चालतात.

वायूत सु. ४५ ते ६० टक्के मिथेन असतो. उरलेला भाग बहुतांशी कार्बन डाय-ऑक्साइडचा. हायड्रोजन सल्फाइड, सिलोक्झेने (सिलिकॉनयुक्त संयुगे) इ. अल्प प्रमाणात असतात. ऊष्मामूल्य नैसर्गिक वायूच्या जवळजवळ निम्मे. सौंदर्यप्रसाधने, शाम्पू यांतून कचऱ्यात येणारी सिलोक्झेने इंजिनात जळली की त्यांची सिलिका होते. ती ज्वलनकोठीत पांढऱ्या, कठीण पुटाच्या रूपाने साचते. म्हणून वायू आधी शुद्ध करावा लागतो.

भरावात विहिरी खोदून त्यांत भोके पाडलेले प्लॅस्टिकचे नळ बसवितात, भोवती खडी भरतात आणि माथा बेंटोनाइट मातीने बुजवितात. सर्व नळ एका पंख्याला जोडलेले असतात. ओढ बेताचीच ठेवावी लागते; ती वाढली की वरून हवा शिरते, मिथेनजनक सूक्ष्मजीव मंदावतात आणि कचरा आतल्या आत धुमसू लागतो. भारतासारख्या देशात पावसाळ्यात निराळीच अडचण येते : झिरपपाणी (कचऱ्यातून झिरपणारे घाण पाणी) विहिरीत चढून नळाची भोके बुडतात व वायू येणे थांबते.

या पद्धतीचा आरंभ सामान्यतः कॅलिफोर्नियातील पालोस व्हर्डेस येथे १९७५ च्या सुमारास झाला असे मानतात. वायू गोळा करण्यामागे प्रथम सुरक्षिततेचा हेतू होता. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असल्यास स्फोट होऊ शकतो. इंग्लंडमधील लॉस्को येथे २४ मार्च १९८६ रोजी हवेचा दाब झपाट्याने उतरला, भरावातील वायू जमिनीखालून शेजारच्या बंगल्यात शिरला आणि तो बंगला उद्ध्वस्त झाला. तिघे जखमी झाले. हरितगृह वायूंचा मुद्दा पुढे आला तो नंतर.

या पद्धतीने हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात घट किती होते, हा वादाचा विषय आहे. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेनचा तापनप्रभाव तेवढ्याच वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडच्या सु. २८ पट धरतात. हरितगृह वायू घटविण्यासाठीच्या क्योटो कराराच्या पहिल्या कालखंडात हा आकडा २१ होता. म्हणजे जमिनीवर काहीही न बदलता केवळ गुणक बदलल्याने त्याच प्रकल्पाचा लाभ एक-तृतीयांशाने वाढतो. याहून मोठी अनिश्चितता संकलनक्षमतेची आहे. निर्माण झालेल्या वायूपैकी किती हाती लागतो हे थेट मोजता येत नाही. एकूण निर्मिती गणिती प्रतिमानाने अंदाजावी लागते. अमेरिकी पर्यावरण संस्थेने ७५ टक्के हे गृहीत मूल्य दीर्घकाळ वापरले; हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत, मोजमाप नसेल तेथे २० टक्केच धरण्याची सूचना आहे. पक्के आवरण घातलेल्या, बंद केलेल्या भरावाला पहिला आकडा शोभतो. उघड्या ढिगाऱ्यांना दुसराच अधिक जवळचा वाटतो.

लाभाचा मुख्य वाटा मिथेन जाळण्यातच असतो व तो नुसत्या ज्योतीनेही साधतो. वीज काढल्यास कोळशाची बचत एवढी भर पडते. लॉस अँजेलिसजवळच्या पुएन्ते हिल्स येथील वीजकेंद्र सु. ५० मेगॅवॉटचे होते. स्वच्छ विकास यंत्रणेखाली (विकसनशील देशांतील उत्सर्जनघटीला विकता येणारे श्रेयांक देणारी क्योटो करारातील योजना) नोंदला गेलेला पहिलाच प्रकल्प ब्राझीलमधील नोव्हाजेरार हा क्षेपणभूमी-वायूचाच होता (२००४).

महाराष्ट्रात मुंबईतील गोराई हे ठळक उदाहरण. १९७२ पासून वापरात असलेली ही सु. २० हेक्टरांची क्षेपणभूमी शास्त्रीय रीतीने बंद करून वायू गोळा करण्याची व्यवस्था झाली. कार्बन-श्रेयांकापोटी (उत्सर्जनघटीबद्दल मिळणारे, विकता येणारे श्रेयांक) आशियाई विकास बँकेच्या निधीतून आगाऊ रक्कमही मिळाली. भारतीय कचऱ्यात ओला भाग मोठा व हवा उष्ण, त्यामुळे वायू लवकर येतो आणि ओसरतोही लवकर. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला कचरा भरावात टाकायचाच नाही असे ठरविले. त्यावर कंपोस्ट वा बायोगॅस संयंत्रात प्रक्रिया करायची होती. असे नियम पाळले गेल्यास नव्या भरावांतून काढण्याजोगा वायू फारसा मिळणार नाही, आणि ही पद्धती जुन्या ढिगाऱ्यांपुरती उरेल.