‘द ट्वायलाइट झोन’च्या लोकप्रिय भागांमागची पार्श्वभूमी

‘द ट्वायलाइट झोन’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतील सर्वोत्तम भाग कोणते, याच्या याद्या गेली कित्येक दशके निघत आहेत आणि त्यांतली आठ-दहा नावे सहसा हलत नाहीत. चर्चा होते ती बहुधा शेवटच्या धक्क्याची. हे भाग ज्या काळात लिहिले गेले तो काळ, आणि एका नावाजलेल्या नाटककाराला परग्रहवासी, भुते व शापित वस्तू यांचा आसरा ज्या कारणाने घ्यावा लागला ते कारण, याकडे फारसे कोणी वळत नाही. ते कारण समजून घेतले, की यादीत वरचेवर येणाऱ्या भागांचा अर्थ बराच उलगडतो.

ही मालिका सीबीएस वाहिनीवर २ ऑक्टोबर १९५९ रोजी सुरू झाली आणि १९ जून १९६४ रोजी संपली. (ती सुरू झाली तेव्हा मुंबईत दूरदर्शन केंद्र यायला आणखी तेरा वर्षे लागायची होती.) पाच पर्वांत मिळून तिचे १५६ भाग झाले. प्रत्येक भागात कथा नवी, पात्रे नवी. सगळ्यांना जोडणारा दुवा म्हणजे आरंभी व अखेरीस निवेदन करणारे रॉड सर्लिंग. मालिकेचे जनक तेच होते आणि १५६ पैकी ९२ भागांचे लेखनही त्यांचेच आहे.

सर्लिंग यांचा जन्म १९२४ चा. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन या गावात ते वाढले आणि शाळा संपताच छत्रीधारी सैनिक म्हणून फिलिपिन्सच्या आघाडीवर गेले. लेटे बेटावर विमानातून टाकलेली रसदीची पेटी अंगावर पडून एक सहकारी त्यांच्या डोळ्यांदेखत ठार झाला. शत्रूच्या गोळीने नव्हे, तर आपल्याच बाजूच्या मदतीने आलेले हे मरण त्यांच्या लेखनातून पुढे कधीच पुसले गेले नाही. सोबतच्यांपैकी आता कोण मरणार हे ज्याला चेहऱ्यांवरच दिसते अशा लेफ्टनंटची कथा सांगणारा ‘द पर्पल टेस्टामेंट’ (१९६०) हा भाग १९४५ च्या फिलिपिन्समध्येच घडतो. त्याच वर्षी, सर्लिंग सैन्यात असतानाच, त्यांचे वडील वारले. दमलेला जाहिरात-अधिकारी आपल्या गावी जाऊन स्वतःच्या बालपणात शिरतो आणि तिथे त्याची वडिलांशी गाठ पडते, असा ‘वॉकिंग डिस्टन्स’ हा भाग आहे. त्यातील फिरता पाळणा बिंगहॅम्टनच्या बागेतला आहे हे ठाऊक असले, तर तो निव्वळ स्मरणरंजनाचा राहत नाही.

युद्धानंतरच्या दशकात अमेरिकन दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपित होणाऱ्या नाटकांची चलती होती. ‘पॅटर्न्स’ हे सर्लिंग यांचे नाटक जानेवारी १९५५ मध्ये इतके गाजले, की महिन्याभरात ते पुन्हा सादर करावे लागले. पुढच्या वर्षी ‘रेक्विअम फॉर अ हेवीवेट’ने त्यांचे नाव पक्के केले. पण या नाटकांचा खरा मालक प्रायोजक असे. एखादा तास एखाद्या कंपनीच्या नावाने ओळखला जाई आणि त्या कंपनीचे, तसेच तिच्या जाहिरातसंस्थेचे लोक संहितेवर ओळीओळीने हात फिरवत. याचा कळस एप्रिल १९५९ मध्ये दिसला. नाझी गुन्हेगारांवरील न्यूरेंबर्गच्या खटल्यावर बेतलेल्या एका नाटकात छळछावण्यांच्या संदर्भात येणारा ‘गॅस’ हा शब्द प्रक्षेपणातून गाळला गेला, कारण प्रायोजकांत गॅस पुरवठादारांची संघटना होती.

सर्लिंग यांना हा अनुभव त्याआधीच आला होता. ऑगस्ट १९५५ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतील मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली आणि केवळ गोऱ्यांच्या ज्यूरीने आरोपींना निर्दोष सोडले. गाव आपल्या माणसाला पाठीशी घालते म्हणजे नेमके काय करते, हा प्रश्न घेऊन सर्लिंग यांनी ‘नून ऑन डूम्सडे’ लिहिले. मूळ संहितेतला बळी दक्षिणेतला एक वृद्ध ज्यू सावकार होता. तरीही टिल प्रकरणाशी असलेले नाते वर्तमानपत्रांतून बाहेर आले, दक्षिणेतील गोऱ्यांच्या संघटनांकडून बहिष्काराच्या धमक्या आल्या आणि प्रायोजक पोलाद कंपनी हादरली. घटनास्थळ उचलून ईशान्य अमेरिकेतील न्यू इंग्लंडमध्ये नेण्यात आले. बळी कुठला तरी अनाम परदेशी झाला. दक्षिणेची आठवण होते म्हणून कोका-कोलाची बाटलीसुद्धा दृश्यातून काढण्यात आली. एप्रिल १९५६ मध्ये जे प्रसारित झाले त्यात मूळ प्रश्न शोधूनही सापडला नसता. दोन वर्षांनी त्यांनी त्याच विषयाला पुन्हा हात घातला, तेव्हा कथा एकोणिसाव्या शतकातील नैर्ऋत्य अमेरिकेत ढकलली गेली आणि बळी मेक्सिकन झाला.

याच काळात अमेरिकन सिनेटवर लिहिलेल्या ‘द अरीना’ या नाटकात सिनेटरांना एकाही चालू राजकीय प्रश्नावर बोलण्याची मुभा नव्हती. त्यापेक्षा हेच नाटक २०५७ सालात नेऊन सिनेटमध्ये यंत्रमानव बसवले असते तर अधिक प्रौढ नाटक झाले असते, असे सर्लिंग यांनी पुढे लिहिले. वैतागातून आलेल्या या उद्गारात पुढच्या मालिकेचे बीज आहे, असे मला वाटते.

प्रत्यक्ष सुरुवात मात्र अडगळीतल्या एका संहितेने झाली. रोज स्वप्नात आपण पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या आदल्या दिवशी होनोलुलूत जागे होतो, असे मनोविकारतज्ज्ञाला सांगणाऱ्या माणसाची ‘द टाइम एलिमेंट’ ही कथा सीबीएसने विकत घेऊन बाजूला टाकली होती. ल्युसिल बॉल आणि देसी आर्नाझ या कलावंत दांपत्याच्या देसिलू कंपनीच्या नाट्यमालिकेत ती नोव्हेंबर १९५८ मध्ये दाखवली गेली, प्रेक्षकांची पत्रे मोठ्या संख्येने आली आणि वाहिनीने नव्या मालिकेच्या नमुना-भागाला संमती दिली. तो भाग म्हणजे ‘व्हेअर इज एव्हरीबडी?’. निर्मनुष्य गावात भटकणारा माणूस प्रत्यक्षात एकांतवासाची चाचणी देणारा अंतराळवीर निघतो. अमेरिकेने आपल्या पहिल्या सात अंतराळवीरांची नावे एप्रिल १९५९ मध्ये जाहीर केली होती, हे लक्षात घेतले की प्रेक्षकांना तो विषय किती ताजा होता ते कळते.

मालिका सुरू होण्याच्या दहा दिवस आधी माइक वॉलेस या पत्रकाराने मुलाखतीत सर्लिंग यांना छेडले, की म्हणजे यापुढे दूरचित्रवाणीसाठी महत्त्वाचे काही लिहिण्याचा विचार तुम्ही सोडला आहे तर. सर्लिंग यांनी फारसा प्रतिकार केला नाही. आपल्याला आता वाद नकोत, असाच त्यांचा सूर होता. ते खरेच थकले होते की प्रायोजकांना गाफील ठेवत होते, हे ज्याने त्याने ठरवावे. पाच महिन्यांनी काय प्रसारित झाले ते मात्र नोंदलेले आहे.

‘द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट’ हा भाग ४ मार्च १९६० चा. उन्हाळ्यातली संध्याकाळ, आइस्क्रीमवाला, अंगणात गाडी धुणारा माणूस. आकाशातून काहीतरी चमकत जाते आणि गल्लीतली वीज, फोन, गाड्या सगळे बंद पडते. परग्रहवासी आधी माणसांसारखे दिसणारे एखादे कुटुंब पाठवून ठेवतात, असे एक मुलगा गोष्टीत वाचल्याचे सांगतो. मोठी माणसे हसतात, आणि तेवढ्यात एका शेजाऱ्याची गाडी आपोआप सुरू होते. मग त्याला रात्री झोप का येत नाही, तो अंगणात उभा राहून आकाशाकडे का बघतो, याची जाहीर चौकशी होते. समजूतदारपणे सर्वांना आवरणाऱ्या स्टीव्हवरही पाळी येते: तळघरात बसून तू त्या रेडिओ-यंत्रावर कोणाशी बोलतोस? हा प्रश्न त्या काळच्या प्रेक्षकाने ऐकलेला होता. साम्यवाद्यांना हुडकण्याची मोहीम चालवणारे सिनेटर मॅकार्थी यांच्यावर सिनेटने १९५४ मध्ये ठपका ठेवला, तरी साम्यवादी असल्याच्या संशयावरून कलावंतांना काम नाकारणाऱ्या काळ्या याद्या १९६० मध्ये पूर्णपणे मिटल्या नव्हत्या. यादीतील कोणत्याही भागापेक्षा मी हा वर ठेवतो, कारण यात संशयिताचा गुन्हा म्हणजे त्याच्या रोजच्या, निरुपद्रवी सवयी आहेत. अखेरीस टेकडीवर दिसणारे परग्रहवासी नसते तरी कथेचे काही बिघडले नसते.

बातम्यांशी इतकेच थेट नाते इतर काही भागांचेही आहे. बर्लिनच्या पेचप्रसंगात २५ जुलै १९६१ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी नागरी संरक्षणावर भर देणारे भाषण केले, घरोघरी अणुबॉम्बपासून बचावाची तळघरे बांधण्याची टूम निघाली आणि आपल्या तळघरात शेजाऱ्याला घ्यावे की गोळी घालावी यावर गंभीर चर्चा होऊ लागल्या. सप्टेंबरअखेरीस ‘द शेल्टर’ आला; त्यात परग्रहवासीही नाहीत, फक्त एक दार आहे. ज्यूंच्या संहारात हात असलेला नाझी अधिकारी आइखमन याच्यावरील खटल्याची सुनावणी ऑगस्टमध्ये संपली आणि निकाल यायच्या आतच, नोव्हेंबरमध्ये, डाखाउच्या छावणीत परतलेल्या नाझी अधिकाऱ्याला मृत कैदी जाब विचारतात असा ‘डेथ्स-हेड रिव्हिजिटेड’ दाखवला गेला. हेतू निःसंशय मोठा, पण येथे सर्लिंग यांच्यातला उपदेशक नाटककारावर मात करतो.

अभिनेते बर्जेस मेरेडिथ यांची भूमिका असलेला ‘टाइम इनफ अॅट लास्ट’ (नोव्हेंबर १९५९) बहुतेक याद्यांत पहिल्या तिघांत असतो. लिन व्हेनेबल यांच्या १९५३ च्या लघुकथेवरून तो बेतलेला आहे. अणुस्फोटानंतर एकट्या उरलेल्या, वाचनवेड्या बँक कारकुनाचा चष्मा फुटणे हा प्रसंग इतका प्रसिद्ध झाला, की त्याआधी जगाचा अंत झालेला आहे हे लोक विसरूनच जातात. ‘आय ऑफ द बिहोल्डर’ (नोव्हेंबर १९६०) मध्ये दिग्दर्शक डग्लस हेज यांची करामत पाहण्यासारखी आहे: जवळजवळ संपूर्ण भागात डॉक्टर-परिचारिकांचे चेहरे सावली, पाठ आणि पडदे यांच्याआड राहतात आणि तरी काही लपवले जात असल्याचे खटकत नाही. रुग्ण स्त्रीच्या चेहऱ्यावरील पट्ट्यांमागे मॅक्सिन स्टुअर्ट होत्या आणि पट्ट्या सुटल्यावर दिसतात त्या डोना डग्लस. उरलेल्यांचे विद्रूप मुखवटे विल्यम टटल यांनी घडवले. याच भागात भिंतीवरच्या पडद्यांवरून सर्वांनी एकसारखे असण्याचा घोष करणारा नेता आहे आणि त्याची धाटणी हुकूमशहाचीच आहे.

सगळेच भाग राजकीय होते असे मानणे मात्र चूक ठरेल. चार्ल्स बोमाँट आणि रिचर्ड मॅथेसन या दोघा लेखकांनी मालिकेला निखळ भीती दिली. विमानप्रवासात खिडकीबाहेरचे बर्फासारखे ढग बघताना त्यांवरून कोणी घसरत गेले तर, असे मॅथेसन यांच्या मनात आले; त्यात भीतिदायक काही नव्हते, म्हणून त्यांनी पंखावर ग्रेमलिन बसवला. विमानातल्या न उलगडणाऱ्या बिघाडांचे खापर या काल्पनिक प्राण्यावर फोडण्याची रीत दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश वैमानिकांची होती. रिचर्ड डॉनर दिग्दर्शित ‘नाइटमेअर अॅट ट्वेंटी थाउजंड फीट’ ऑक्टोबर १९६३ मध्ये आला. विल्यम शॅटनर यांनी रंगवलेला प्रवासी नुकताच मनोरुग्णालयातून सुटला आहे, त्यामुळे ग्रेमलिनइतकीच त्याला स्वतःच्या शब्दाची भीती आहे.

मालिकेचे व्यावहारिक आयुष्य ओढाताणीचे होते. खर्च वाचवण्यासाठी दुसऱ्या पर्वातील सहा भाग फिल्मऐवजी व्हिडिओ टेपवर चित्रित झाले आणि ते आजही सपाट दिसतात. चौथ्या पर्वात भाग तासाभराचे केले गेले, तेव्हा कथा ताणल्यासारख्या झाल्या. लोकप्रिय याद्यांत त्या पर्वातले नाव क्वचितच आढळते. पाचव्या पर्वात रोबेर एन्रिको यांचा फ्रेंच लघुपट विकत घेऊन एक भाग म्हणून दाखवला गेला. सीबीएसचे तत्कालीन प्रमुख जेम्स ऑब्री यांना मालिका फारशी रुचत नव्हतीच. १९६४ मध्ये त्यांनी ती बंद केली. सर्लिंग यांनी नंतर आपले हक्क सीबीएसला विकले आणि १९७५ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मालिकेची आजची कीर्ती स्थानिक वाहिन्यांवरील पुनःप्रक्षेपणांनी आणि सुट्ट्यांमध्ये सलग दाखवल्या जाणाऱ्या भागांनी घडवली.

त्यामुळे जो भाग पुनःप्रक्षेपणातच नव्हता, तो यादीत येण्याचा प्रश्नच नव्हता. १ मे १९६४ रोजी दाखवलेल्या ‘द एन्काउंटर’मध्ये युद्धावरून परतलेला एक अमेरिकन सैनिक आणि जॉर्ज ताकेई यांनी साकारलेला एक जपानी-अमेरिकन तरुण माळ्यावर अडकून पडतात. आपल्या वडिलांनी पर्ल हार्बरच्या हल्ल्यात जपानी विमानांना खुणा केल्या होत्या, असे त्या तरुणाच्या तोंडी घातले होते. जपानी-अमेरिकनांकडून अशी फितुरी झाल्याची कोणतीही नोंद नाही. उलट याच संशयाने हजारो कुटुंबे युद्धकाळात छावण्यांत डांबली गेली होती आणि ताकेई यांचे बालपणही तशाच छावण्यांत गेले होते. भागाविरुद्ध तक्रारी झाल्या आणि अमेरिकेतील पुनःप्रक्षेपणांतून तो वगळण्यात आला. प्रेक्षकांना तो पुन्हा पाहायला मिळाला तो अनेक वर्षांनी, व्हिडिओ कॅसेट आणि डीव्हीडीच्या काळात.