हेल्मेट धुवायचं की बदलायचं?

"भाऊ, वास येऊन राहिला ना, नवीनच घेतो आता." हा एक प्रकार. "रिंग रोडवर स्लिप झालो होतो, पण हेल्मेटला काही नाही झालं. धुवून घेतलं, चकाचक आहे." हा दुसरा. ऑफिसात, पार्किंगमध्ये, चहाच्या टपरीवर ही दोन वाक्यं ऐकून कान किटले. पहिल्याचं हेल्मेट अर्ध्या तासाच्या धुण्यानं आणखी दोन-तीन वर्षं सहज चाललं असतं. दुसऱ्याचं रस्त्यावर आपटलं तेव्हाच संपलं, आणि तो त्याला शाम्पू लावत बसलाय. एक भलतंच फेकतो, दुसरा भलतंच धुतो.

धुण्याबद्दल फार सांगत नाही, ते सगळ्यांना जमतं. आतल्या गाद्या टिचबटणांवर असतात, त्या काढायच्या. कोमट पाणी, लहान मुलांचा शाम्पू, हलक्या हातानं दाबून मळ काढायचा. पिळायचं नाही, ब्रश मारायचा नाही. मे महिन्यात पहिल्या दोन बादल्यांचं पाणी तपकिरी निघतं. घाबरू नका, ते तुमच्याच डोक्यावरचं तेल आहे. वाळवायचं सावलीत, पंख्याखाली. कूलरसमोर नाही. नागपुरात हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण उन्हाळ्यात घरातली प्रत्येक वस्तू कूलरसमोर जाते. कूलरची हवा ओली असते; गाद्या रात्रभर दमट राहतात आणि सकाळी वास पुन्हा हजर. गच्चीवर पापड-कुरडयांच्या शेजारीही नको, ४५ अंशांच्या उन्हात कापड कडक होतं आणि मागचा स्पंज भुसभुशीत होऊन झडायला लागतो. गाद्या निघतच नसतील तर अख्खं हेल्मेट साबणाच्या कोमट पाण्यात बुडवा, काही बिघडत नाही, फक्त वाळायला वेळ लागतो. रोज गाडी चालवणाऱ्यानं एप्रिल ते जून पंधरा दिवसांतून एकदा, थंडीत महिन्या-दीड महिन्यातून. पावसाळ्यात उघडीप पाहून धुवा, नाहीतर बुरशीचा वास बसतो.

दोन गोष्टी मात्र पाहिल्या की डोकं सणकतं. एक, हेल्मेटमध्ये डिओ मारणं. घामावर अत्तर शिंपडून घाम जात नाही, आणि त्यातलं रसायन आतल्या थरात मुरतं ते वेगळंच. दुसरी, डांबराचा डाग काढायला पेट्रोल किंवा थिनर. पॅकिंगच्या थर्मोकोलचा तुकडा पेट्रोलमध्ये टाकून पाहा, डोळ्यांदेखत विरघळतो. हेल्मेटच्या आत तेच थर्मोकोल आहे. पॉलिकार्बोनेटचं कवचही अशा द्रावणांनी ठिसूळ होतं, वरून मात्र चमकत राहतं. काचेवरचे किडे खरवडू नका. ओलं फडकं दहा मिनिटं काचेवर ठेवा, ते आपोआप सुटतात.

आता खरा घोळ.

हेल्मेटमध्ये आत दोन थर असतात आणि बहुतेकांना एकच माहीत असतो. हाताला लागतो तो मऊ थर: कापड आणि स्पंज. त्याचं काम हेल्मेट डोक्यावर नीट बसवणं आणि घाम शोषणं, बस. अपघातात तो जवळजवळ काहीच करत नाही. त्याच्यामागे, बाहेरच्या कवचाला लागून, साधारण दोन ते चार सेंटीमीटर जाडीचं थर्मोकोल असतं. पॉलिस्टायरिनचे फुगवलेले मणी एकमेकांत घट्ट बसवून बनवलेलं. जीव वाचवतं ते हे.

कसं, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण बदलायचं केव्हा याचं उत्तर इथेच आहे. गाडी उभी असताना नुसते बाजूला कोसळलात, तरी दीड मीटर उंचीवरून डोकं ताशी सुमारे २० किलोमीटर वेगानं जमिनीवर येतं. कवच रस्त्याला टेकून थांबतं. आतलं डोकं मात्र थांबलेलं नसतं, ते त्याच वेगानं पुढे जात असतं. मध्ये थर्मोकोल सापडतं आणि चिरडलं जातं. ते चिरडलं जात असताना डोक्याला थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळतात, म्हणून मेंदूला बसणारा झटका कमी होतो. धक्का त्या मण्यांनी खाल्लेला असतो, आणि खाल्ला तो एकदाच. स्पंज दाबून सोडला की वर येतो. चिरडलेलं थर्मोकोल वर येत नाही. त्याच जागी दुसऱ्यांदा मार बसला तर तिथे दबायला काही उरलेलंच नसतं.

आणि हे दिसत का नाही? कवच लवचीक असतं, आपटून पुन्हा आपल्या आकारात येतं. वर राहतो फक्त ओरखडा. आतली गादी मऊ, तीही पूर्ववत. म्हणजे बाहेरून हात फिरवा, ठीक. आत हात घाला, ठीक. ज्याला मार बसला तो थर दोन्ही बाजूंनी झाकलेला. धुतल्यावर तर ओरखड्यातली मातीही निघून जाते.

शेजारच्या पोराचं हेल्मेट त्याच्या आईसमोर उघडून दाखवलं होतं. मानेवाड्याकडे वळणावर सांडलेल्या वाळूत गाडी घसरली, पोरगा बचावला, कोपरं सोलवटली. हेल्मेटवर डाव्या कानाच्या वर चार बोटं लांब ओरखडा, त्यावर त्यानं छानसं स्टिकर लावलेलं. गादीची टिचबटणं काढून ती बाजूला केली. थर्मोकोलवर सगळीकडे मण्यामण्यांची नक्षी होती. स्टिकरच्या बरोबर आतल्या बाजूला मात्र दोन नाण्यांएवढी जागा गुळगुळीत, किंचित चकाकणारी. अंगठा फिरवला तर तिथे खोलगट लागत होतं. तिच्या कडेपासून केसाएवढी भेग वर गेलेली. आई म्हणाली, "अहो भाऊजी, धुतलं तेव्हा तर काहीच नव्हतं दिसलं!" दिसणार कसं, धुताना गादी काढली होती, पण थर्मोकोलकडे पाहिलंच नव्हतं कोणी.

तर गादी काढा, उजेडात धरा, अंगठ्यानं सगळीकडे चाचपा. खोलगट भाग, चकाकणारा डाग, भेग, किंवा थर्मोकोल कवचापासून सुटून मध्ये फट, यातलं काहीही दिसलं तर हेल्मेट गेलं. पण उलटं खरं नाही, आणि इथे शहाणी माणसंही फसतात. थर्मोकोल बऱ्याचदा कवचाकडच्या बाजूनं दबतं, ती बाजू घरी दिसतच नाही. म्हणून माझा नियम पाहण्यावर अवलंबून नाही. डोकं आत असताना हेल्मेट जोरात आपटलं का? आपटलं असेल तर बदला. दिसो वा न दिसो.

"डोकं आत असताना" हे शब्द मुद्दाम आहेत. रिकामं हेल्मेट सीटवरून खाली पडलं म्हणून नवीन घेणारेही आहेत. सव्वा-दीड किलोचं रिकामं हेल्मेट सीटच्या उंचीवरून पडतं तेव्हा त्यात जेवढी ऊर्जा असते, त्याच्या आठ-नऊ पट, डोक्यासकट दीड मीटरवरून पडताना असते. शिवाय रिकाम्या हेल्मेटमध्ये थर्मोकोलला आतून दाबणारं काही नसतंच. हेल्मेटच्या चाचण्यांचं काम १९५७ पासून करणारी अमेरिकेतली स्नेल मेमोरियल फाउंडेशनही हेच सांगते: आत डोकं नसेल तर सहसा बदलायची गरज नाही, मात्र वारंवार आपटत राहाल तर हेल्मेट खराब होईल. एकदा पडलं, गादी काढून पाहिलं, ठीक आहे, तर वापरा. रोजच डिक्कीवरून धाडकन खाली येत असेल तर आधी सवय बदला.

गाडीच्या आरशावर हेल्मेट लटकवणं मात्र मला अजिबात चालत नाही. अख्ख्या हेल्मेटचा भार आरशाच्या टोकावर येतो आणि ते टोक थर्मोकोलमध्ये रुततं. कोर्टासमोर, बर्डीवर, मेडिकल चौकात पाहा, रांगेनं लटकलेली असतात. खड्ड्यांवरून तसंच लटकवून गाडी चालवणारेही आहेत. ते डोक्यावर का नाही, हा प्रश्न वेगळाच.

हेल्मेट सैल झालं म्हणून बदलणाऱ्यांची गल्लत याच दोन थरांमुळे होते. सैल होतात त्या बहुतेक वेळा गालाच्या गाद्या. वर्षा-दोन वर्षांत स्पंज बसतो आणि हेल्मेट डोक्यावर डुलायला लागतं. थर्मोकोल शाबूत असेल तर नव्या गाद्या टाका, बऱ्याच कंपन्यांच्या सुट्या मिळतात. सुट्या मिळत नसतील किंवा अस्तर चिकटवलेलं असेल, तर हेल्मेट बदला. सैल हेल्मेट आपटण्याच्या वेळी डोक्यावर राहीलच असं नाही. तपासायची रीत सोपी: पट्टा लावा, मान पुढे झुकवा, मागून हेल्मेटची कड धरून पुढे ओढा. निघून आलं तर उपयोगाचं नाही. डावीकडे-उजवीकडे फिरवलं तर गालाची कातडी सोबत सरकली पाहिजे.

यात आपल्याकडे एक खास भानगड आहे, दुपट्ट्याची. उन्हाळ्यात दुपट्टा बांधल्याशिवाय नागपूरचा माणूस घराबाहेर पडत नाही, आणि बरोबरच आहे, लू कोणाची नातेवाईक नाही. पण मे महिन्यात दुपट्टा बांधूनच दुकानात जायचं, त्याच्यावर बसेल असं हेल्मेट घ्यायचं, आणि डिसेंबरात ते डोक्यावर गरगर फिरायला लागलं की म्हणायचं, "खराब झालं, बदलावं लागते." खराब काही झालेलं नाही, पहिल्या दिवसापासून एक साइज मोठं होतं. हेल्मेट उघड्या डोक्यावर मापून घ्यावं, भुवयांच्या वरून टेप फिरवून. आत पातळ सुती टोपी किंवा एकेरी पातळ कापड घालावं. ते घाम आणि तेल शोषतं, रोज धुता येतं, गादी कमी मळते. मागे गाठ मारलेला जाड दुपट्टा मला मान्य नाही. गाठ हेल्मेट वर उचलते, कपाळ उघडं पडतं. उन्हापासून वाचायला दुपट्टा चेहऱ्यावर आणि मानेवर घ्या, डोक्यावरून त्याचे तीन वेढे नकोत.

आता वय. पाच वर्षांनी हेल्मेट बदला असं स्नेल सांगते; ही शिफारस आहे, कायद्याचं कलम नव्हे. कारण असं की केसांचं तेल, घाम, सौंदर्यप्रसाधनं, साफसफाईची रसायनं आणि रोजची झीज यांनी आतले थर आणि डिंक हळूहळू कमजोर होतात. नागपूरच्या उन्हानं थर्मोकोल वितळतं असं सांगणारे भेटतात. ते काही खरं नाही, पॉलिस्टायरिन मऊ पडायला १०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. हेअर ड्रायर किंवा हीटरसमोर मात्र धरू नका. उन्हात रोज तापणारा डिंक आणि स्पंज आधी जातो. बुटीबोरी किंवा हिंगण्यासारख्या शहराबाहेरच्या ठिकाणी रोज उन्हातून जाणाऱ्यानं पाच वर्षं पाळावीत असं माझं मत. बनवल्याचा महिना आणि वर्ष बहुतेक हेल्मेटांत आतल्या स्टिकरवर असतं. सवलतीत तीन वर्षं जुना माल गळ्यात मारला जातो, तेव्हा पैसे देण्याआधी ते वाचा.

बाकी किरकोळ. काचेवर ओरखडे आले आणि रात्री समोरचे दिवे फुटल्यासारखे दिसायला लागले तर फक्त काच बदला, हेल्मेट नाही. पट्टा उसवला, बक्कल लावल्यावर ओढलं की सुटतं, तर हेल्मेट बदला. चपलेसारखं मोच्याकडून शिवून घेऊ नका. कवचाला तडा गेला तर प्रश्नच नाही. नुसता रंग उडाला तर काही करू नका, आणि घरी स्प्रेपेंट तर मुळीच मारू नका.

वर्धा रोडच्या फुटपाथवर मिळणाऱ्या त्या अर्ध्या टोपीबद्दल कोणी विचारू नये. तिच्यात कापडामागे बोटभर स्पंज असतो आणि त्यामागे थेट प्लास्टिक. थर्मोकोलच नाही, तर धुवायचं काय आणि बदलायचं काय? १ जून २०२१ पासून आयएस ४१५१ या मानकाचा आयएसआय शिक्का नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे. तरी लोक घेतात, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ड खालचा १००० रुपयांचा दंड आणि तीन महिने लायसन्स जाण्याची भीती चौकापुरती टाळायची असते.

आपटलेलं हेल्मेट टाकताना शेवटचं एक काम करा. भंगारवाल्याला अख्खं देऊ नका. पुसून-पॉलिश करून ते पुन्हा कुठल्या तरी दोरीवर विकायला टांगलं जाऊ शकतं. पट्टा दोन्ही बाजूंनी कवचापाशी कात्रीनं कापा, थर्मोकोल ओढून काढून तोडून टाका, कवचावर जाड मार्करनं फुली मारा आणि मग द्या. काच चांगली असेल तर मात्र काढून ठेवा, त्याच कंपनीचं तेच मॉडेल घेतलंत तर ती कामी येते.