विद्युतचुंबकीय क्षेत्र आणि मेंदूतील गाठींचा धोका

मोबाइल फोन, वायरलेस उपकरणे आणि वीजवाहिन्या यांच्याभोवतीच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रामुळे मेंदूत गाठी होतात का, हा वाद मुख्यतः मोबाइलभोवती फिरतो, कारण फोन थेट डोक्याला टेकतो. अभ्यास प्रामुख्याने तीन प्रकारच्या गाठींवर झाले आहेत: मेंदूच्या आधारपेशींतून होणारा ग्लायोमा, मेंदूच्या आवरणावरील मेनिंजिओमा आणि श्रवण-चेतेवरील अकॉस्टिक न्यूरोमा.

रेणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला साधारण १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींच्या एका फोटॉनमध्ये (ऊर्जाकणात) इलेक्ट्रॉन-व्होल्टचे जेमतेम चार दशलक्षांश भरतात. म्हणजे क्ष-किरणांप्रमाणे डीएनए थेट तोडण्याची ताकद या लहरींत नाही. ऊती किंचित तापणे हा त्यांचा निर्विवाद परिणाम. तो विशिष्ट शोषण दराने (एसएआर), म्हणजे दर किलो ऊतीत दर सेकंदाला शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेने मोजतात. डोक्यासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा १० ग्रॅम ऊतीवर सरासरी २ वॉट प्रति किलो आहे. अमेरिका व भारतात १ ग्रॅमवर १.६ वॉट प्रति किलो. फोनच्या खोक्यावर छापलेला एसएआरचा आकडा फोन पूर्ण शक्तीने प्रक्षेपण करत असतानाचा असतो. रोजच्या वापरात नेटवर्क फोनची शक्ती सतत कमी-जास्त करते, त्यामुळे दोन मॉडेलांच्या एसएआरची तुलना करून फारसे काही हाती लागत नाही.

सर्वाधिक चर्चा झाली ती १३ देशांतल्या ‘इंटरफोन’ अभ्यासाची (२०१०). यात रुग्णांना आणि निरोगी लोकांना जुन्या वापराबद्दल विचारले गेले. नियमित वापरणाऱ्यांत ग्लायोमाचा धोका न वापरणाऱ्यांच्या ०.८१ पट, म्हणजे चक्क कमी निघाला! एकूण १,६४० तासांहून अधिक बोललेल्या गटात मात्र तो १.४० पट आला. दोन्ही आकडे जसेच्या तसे घेणे चूक ठरेल. फोन न वापरणाऱ्या निरोगी लोकांनी सहभाग जास्त नाकारला की तुलनेचा गट वापराकडे झुकतो आणि फोन संरक्षण देतो असे भासते. उलट, सर्वाधिक बोललेल्या गटातील काहींनी दिवसाला १२ तासांहून जास्त बोलल्याचे सांगितले होते. गाठ उजवीकडे असल्याचे कळलेला माणूस ‘मी उजव्याच कानाला लावायचो’ असे सहज सांगतो. ही स्मरणाची चूक खोटेपणातून येत नाही, पण निष्कर्ष वाकवते.

म्हणून आधी वापर नोंदवून नंतर वर्षानुवर्षे मागोवा घेणारे अभ्यास अधिक भरवशाचे. त्यांतही खाचखळगे आहेतच: डेन्मार्कच्या अभ्यासात कंपनीच्या नावावरच्या फोन-जोडण्या वगळल्याने जास्त बोलणारे काहीजण ‘न वापरणारे’ गणले गेले. युरोपातील ‘कॉसमॉस’ अभ्यासात सुमारे २.६४ लाख लोकांचा साधारण सात वर्षे मागोवा घेतला. २०२४ च्या निष्कर्षांत जास्त बोलण्याचा ग्लायोमाशी संबंध दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या त्याच वर्षीच्या आढाव्यात ६३ अभ्यास तपासले गेले; दहा वर्षांहून अधिक वापरातही वाढ आढळली नाही. नॉर्डिक देशांच्या कर्करोग नोंदवह्यांतही मोबाइलच्या प्रसाराशी जुळेल अशी ग्लायोमाची उसळी नाही.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरी ‘२ बी’, म्हणजे ‘कदाचित कर्करोगजन्य’ गटात टाकल्या. हा गट पुराव्याचे बळ सांगतो, धोक्याचा आकार नव्हे; बातम्यांत नेमकी इथेच गल्लत होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाच्या २०१८ च्या अहवालात नर उंदरांच्या हृदयात गाठी वाढल्या, मेंदूबाबत पुरावा तुलनेने कमकुवत होता. तिथे संपूर्ण शरीराला दिवसाला नऊ तास ६ वॉट प्रति किलोपर्यंत मात्रा दिली होती, शिवाय ते उंदीर तुलनेच्या गटापेक्षा जास्त जगले.

वीजवाहिन्यांची कमी वारंवारतेची चुंबकीय क्षेत्रेही ‘२ बी’त आहेत, पण ती ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लावरील संपर्क आणि बालकांतील रक्तकर्करोग यांच्यातील सांख्यिकीय संबंधामुळे. मेंदूतील गाठींमुळे नाही.

संपर्क कमीच ठेवायचा असेल तर अंतर हा सर्वांत स्वस्त उपाय. हेडफोन किंवा स्पीकर वापरला की डोक्यापर्यंत पोहोचणारी ऊर्जा झपाट्याने घटते. लिफ्ट, तळघर अशा कमी रेंजच्या जागी लांब बोलणे टाळावे, कारण तिथे फोन शक्ती वाढवतो. ‘रेडिएशन रोखणारी’ स्टिकर आणि कव्हरे याच कारणाने उलटू शकतात: त्यांनी अँटेना झाकला, तर टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी फोन आणखी जोराने प्रक्षेपण करतो.